सिरॅमिक मेम्ब्रेन सेंद्रिय घाणीने चोक होतेय, सीआयपी करूनही फ्लक्स परत येत नाही. काय करावं?

महापे_शिफ्ट
नमस्कार मंडळी. नवी मुंबईत महाप्यात एका सॉस आणि रेडीमिक्स बनवणाऱ्या कंपनीच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रावर) आहे. लाइन अशी आहे: इक्वलायझेशन (पाणी एकसारखं करायची टाकी), एअरेशन (जिवाणूंना हवा द्यायची टाकी), क्लॅरिफायर (गाळ बसवायची टाकी), मग सिरॅमिक यूएफ (बारीक छिद्रांची गाळणी, म्हणजे मेम्ब्रेन; अल्युमिनाच्या ट्यूब, पाणी आतून बाहेर जातं), त्यानंतर आरओ आणि ते पाणी कूलिंग टॉवरला. पहिलं वर्ष सगळं मस्त चाललं, महिन्याकाठी एक सीआयपी (मेम्ब्रेन जागेवरच रसायनाने धुणं) पुरायची. पाऊस सुरू झाल्यापासून टीएमपी (मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक) भराभर चढतोय, आठवड्यात सीआयपी करावी लागते आणि केल्यावरही जुना फ्लक्स (मेम्ब्रेनच्या दर चौरस मीटरमधून तासाला निघणारं पाणी) काही येत नाही. दर वेळी थोडा थोडा खालीच. फीडचा (मेम्ब्रेनवर येणाऱ्या पाण्याचा) सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) बघितला तर फारसा बदललेला नाही, टीएसएस (तरंगते कण) पण ठीक, म्हणजे कागदावर पाणी तेच आहे. सप्लायरच्या शीटप्रमाणे आधी ॲसिड मग कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) करतो. आता ते म्हणतात ॲसिडचं प्रमाण वाढवा. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाही. कोणी असल्या पाण्यावर सिरॅमिक चालवलीय का?

रुमालवाला
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे पण सिरॅमिक येऊ घातलीय, वाचत राहणार.

दणकट
सिरॅमिक आहे ना, मग घाबरताय कशाला? त्यासाठीच तर एवढे पैसे मोजतात. पीएच ० ते १४ काहीही सोसते. कॉस्टिक कडक करा, गरम करा, हायपो (क्लोरीनचं ब्लीच) टाका, फिरवत ठेवा रात्रभर. सगळं निघतं. प्लास्टिकच्या मेम्ब्रेनसारखे लाड नसतात हिचे.

खाडीकाठ
दणकट, मेम्ब्रेन सोसते हे खरं, पण मेम्ब्रेन म्हणजे नुसती सिरॅमिकची नळी नव्हे. तिच्या टोकाला सील असतात, ओ-रिंग असतात, काही मॉड्यूलमध्ये इपॉक्सीचं पॉटिंग असतं. ते ० ते १४ सोसत नाही. आणि सिरॅमिकला रसायनाचं भय नसलं तरी तापमानाच्या धक्क्याचं आहे. गरम कॉस्टिक काढून लगेच गार पाणी सोडलंत तर ट्यूब तडकते. तडकलेली ट्यूब म्हणजे फीड सरळ परमिएटमध्ये (गाळलेल्या पाण्यात).

महापे_शिफ्ट, तुमचं मन बरोबर सांगतंय. माझं स्पष्ट मत: सेंद्रिय फाऊलिंग (मेम्ब्रेनवर घाण बसणं) असेल तर ॲसिड आधी करू नका. ह्युमिक पदार्थ (कुजलेल्या सेंद्रियातून येणारे), प्रथिनं, जिवाणूंनी सोडलेली चिकट शर्करा, ही सगळी अल्कलीत फुगतात, सुटी होतात, विरघळतात. ॲसिडमध्ये उलट होतं. ह्युमिक ॲसिड कमी पीएचला खाली बसतं, प्रथिनं गोठतात, अल्जिनेटसारख्या चिकट शर्करा घट्ट होतात. म्हणजे आधी ॲसिड सोडून तुम्ही तो थर मेम्ब्रेनवरच आवळून बसवता आणि मग कॉस्टिकला त्याच्यात शिरायला वाट राहत नाही. क्रम उलटा करा: आधी बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडणं), मग कॉस्टिक (१ ते २ टक्के, ६०–७० डिग्री, तापमान हळूहळू चढवायचं आणि हळूहळूच उतरवायचं), मग चांगलं धुऊन सायट्रिक किंवा नायट्रिक.

दोन प्रश्न. सीआयपीचं सोल्यूशन कुठल्या पाण्यात बनवता? आणि एअरेशनमध्ये फेस मारायला काही टाकता का?

तळोजा_सेफ्टी
मध्येच बोलतोय पण हे बोलायलाच हवं. क्रम उलटा करताना मधलं धुणं टाळू नका. हायपो असलेल्या लाइनमध्ये ॲसिड गेलं की क्लोरीन गॅस सुटतो आणि सीआयपीची खोली बंदिस्त असेल तर माणूस जागेवर पडतो. धुण्याचं पाणी न्यूट्रल आलं का आणि त्यात क्लोरीन उरलाय का, दोन्ही तपासा, मगच ॲसिडचा व्हॉल्व्ह. गरम कॉस्टिकला फेसशील्ड आणि कोपरापर्यंतचे ग्लोव्ह्ज. चष्मा पुरत नाही. रात्रपाळीत एकट्याने तर अजिबात करू नका.

महापे_शिफ्ट
तळोजा साहेब, नोंद घेतली. बोर्डावर लिहून लावतो.

खाडीकाठ सर, पाणी पूर्वी आरओचं परमिएट घ्यायचो. पावसाच्या तोंडावर आरओला प्रॉब्लेम सुरू झाल्यापासून परमिएट पुरत नाही, म्हणून टाकी टँकरच्या पाण्याने भरतो. टँकर बोअरचा असतो. फेसासाठी सिलिकॉन अँटीफोम टाकतो, पावसाळ्यात फेस जास्त येतो म्हणून डोस थोडा वाढलाय.

खाडीकाठ
मिळालं की हो अर्धं उत्तर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही असतात. त्यात कॉस्टिक टाकून गरम केलंत की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं. म्हणजे सफाईच्या नावाखाली तुम्ही मेम्ब्रेनच्या छिद्रांत चुना भरताय. टाकीच्या तळाला पांढरा साका दिसतो का बघा. धरणाचं पावसाळी पाणी बोअरपेक्षा खूपच मऊ असतं, निदान नळाचं तरी घ्या. उत्तम म्हणजे परमिएट किंवा सॉफ्टनरचं.

आणि सिलिकॉन अँटीफोम हा मेम्ब्रेनचा वैरी. तो कॉस्टिकनेही सहज निघत नाही. फेस मारायचाच असेल तर आधी पाण्याचा फवारा मारून बघा.

सूक्ष्मछिद्र
काका, कॅल्शियमचा अजून एक पदर आहे. मी पवईला एमटेक करतेय, प्रोजेक्ट याच्याच जवळपासचं आहे म्हणून लिहिते. अल्जिनेट आणि ह्युमिक दोघांच्याही अंगावर कार्बोक्झिल गट असतात. न्यूट्रल पीएचला त्यांच्यावर ऋण भार असतो त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि थर सैल राहतो. कॅल्शियम आलं की ते दोन साखळ्यांच्या मध्ये बसून दोघींना बांधून टाकतं. पाण्यात टाकलेला सब्जा कसा फुगून एकमेकाला चिकटून बसतो, साधारण तसा जेल मेम्ब्रेनवर तयार होतो. त्यातून पाणी जातं पण रडतखडत. म्हणजे बॅकवॉशसुद्धा कडक (कॅल्शियमवाल्या) पाण्याने केला तर थर सैल व्हायच्या ऐवजी अजून बांधला जातो. मऊ पाण्याने बॅकवॉश केल्यावर कॅल्शियम सुटतं आणि थर मोकळा होतो.

शिवाय अल्युमिना स्वतःच सेंद्रियांना बोलावून घेते. तिचा पृष्ठभाग साधारण पीएच ८–९ पर्यंत धन भाराचा असतो आणि ह्युमिक ऋण भाराचं, मग चिकटणारच. सिलिकॉन कार्बाइडवर न्यूट्रलला ऋण भार असतो म्हणून तिच्यावर सेंद्रिय घाण कमी धरते. टायटानिया आणि झिरकोनिया मधल्या. म्हणून 'सिरॅमिक' असं सरसकट बोलून भागत नाही, कुठली सिरॅमिक ते सांगायला लागतं.

पीव्हीडीएफ_वाला
एवढं सगळं करण्यापेक्षा पीव्हीडीएफ होलो फायबर (प्लास्टिकच्या पोकळ तंतूंची मेम्ब्रेन) लावली असती तर? किंमत कितीतरी कमी, स्पेअर कुठेही मिळतात. कोपरखैरणे आणि ऐरोलीला महापालिकेने सांडपाण्यावर टर्शरी ट्रीटमेंट करून टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांना पाणी द्यायला सुरुवात केली ते यूएफवरच. सिरॅमिकचं कौतुक मला तरी समजत नाही.

दणकट
पीव्हीडीएफला ७० डिग्रीचं कॉस्टिक पाजून दाखवा, मग बोलू.

पीव्हीडीएफ_वाला
पाजायची वेळच येऊ द्यायची नाही ना. फ्लक्स कमी ठेवायचा, पॅकचा (कण गोळा करणाऱ्या पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचा) डोस नीट ठेवायचा. सिरॅमिकवाले फ्लक्स दुप्पट-तिप्पट लावतात कारण मेम्ब्रेन महाग म्हणून एरिया कमी घेतलेला असतो, आणि मग फाऊलिंगची तक्रार करतात.

खाडीकाठ
पीव्हीडीएफ_वाल्यांच्या या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. बहुतेक ठिकाणी दुखणं तिथेच आहे. एका ठरावीक फ्लक्सच्या खाली चालवलं तर टीएमपी जवळपास सपाट राहतो, त्याच्या वर गेलात की चढत सुटतो. तो फ्लक्स प्रत्येक पाण्याचा वेगळा असतो आणि ऋतूप्रमाणे बदलतो. शोधायची पद्धत सोपी आहे. फ्लक्स पायरीपायरीने वाढवायचा, प्रत्येक पायरीवर १५ मिनिटं थांबायचं आणि टीएमपी स्थिर राहतो की चढतो ते लिहायचं. ज्या पायरीला चढायला लागला त्याच्या एक पायरी खाली रोजचं काम करायचं. पावसाळ्यात ही टेस्ट पुन्हा करायची. उन्हाळ्यातल्या आकड्यावर जुलै काढू नका.

मात्र तेलकट, गरम, चिकट पाणी असेल तिथे मी अजूनही सिरॅमिकच घेईन. डेअरीवाले ऐंशीच्या दशकापासून ती वापरताहेत ते काही हौस म्हणून नाही.

नौपाडाकर
तुमची चर्चा निम्मी डोक्यावरून गेली पण एक विचारू का? आमच्या घरी अजून स्टीलचा दोन कँडलवाला फिल्टर आहे, सासूबाईंच्या वेळचा. आरओ घ्यायचा नाही यावर ह्यांचं आणि माझं एकमत आहे. पावसाळ्यात कँडलवर बुळबुळीत थर येतो आणि पाणी थेंबथेंब पडतं. ते पण हेच का? मी आतापर्यंत भांड्याच्या साबणाने घासत आलेय.

सूक्ष्मछिद्र
अगदी हेच ताई! कँडल पण सिरॅमिकचीच आणि तो बुळबुळीत थर म्हणजे गाळ, जिवाणू आणि त्यांनी सोडलेला चिकट पदार्थ. फक्त साबण लावू नका, तो छिद्रांत शिरून बसतो आणि पाण्याला वास येतो. वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा, वरचा थर गेला की झालं. तारेची घासणी नको, कँडल झिजते. आणि घासताना बारीक चीर दिसली तर ती कँडल टाकून द्या, चिरेतून गाळण होतच नाही.

येऊरची_वाट
कँडलचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. चिनी मातीच्या नळीतून पाणी गाळायची ही युक्ती भलतीच जुनी आहे. पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी १८८४ मध्ये पोर्सिलीनचा फिल्टर काढला, त्यात जिवाणू अडकायचे. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस त्याच फिल्टरमधून गाळला आणि गाळलेला रस तरीही रोग पसरवत होता. जिवाणूपेक्षा लहान काहीतरी आहे याचा तो पहिला पुरावा, म्हणजे विषाणूंची ओळख एका सिरॅमिक फिल्टरमुळे झाली. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा बर्केफेल्डचे कँडल फिल्टर तिथे वापरले गेले. आपल्या स्वयंपाकघरातली कँडल त्याच घराण्यातली.

नौपाडाकर
काय सुंदर माहिती दिलीत! आज ह्यांना जेवताना सांगते. आणि साबण बंद.

घोडबंदर_सोसायटी
आमच्या सोसायटीच्या एसटीपीवर पण यूएफ आहे (सिरॅमिक नाही), फ्लशिंग आणि बागेला पाणी वापरतो. आमच्याकडे ऑपरेटर बदलला की दोन आठवड्यांत मेम्ब्रेन चोक होते. आधीचा सांगायचा की पॉली (गाळ गोळा करणारं पॉलिमर) जास्त पडली की असं होतं. खरं आहे का हे?

खाडीकाठ
खरं आहे, तुमचा आधीचा ऑपरेटर जाणकार होता. क्लॅरिफायरला किंवा गाळ दाबायला जी कॅटायनिक पॉली वापरतात ती जास्त झाली की उरलेली पाण्यात वाहत मेम्ब्रेनपर्यंत जाते आणि चिकटते. स्वतः पॉलीच फाऊलंट बनते. गाळ दाबलेलं पाणी परत इक्वलायझेशनला घेत असाल तर त्यातूनही येते. हे महाप्यालाही लागू, म्हणून तेही तपासा.

ऐरोलीकर_नवा
एक बाळबोध प्रश्न. ह्युमिकचे रेणू तर मेम्ब्रेनच्या छिद्रांपेक्षा खूप लहान असतात ना, मग ते आरपार जायला हवेत. अडकतात कसे?

सूक्ष्मछिद्र
बाळबोध कसला, हाच खरा प्रश्न आहे. ०.१ मायक्रॉनच्या छिद्रातून ह्युमिकचा बराचसा भाग खरंच आरपार जातो. पण जाता जाता छिद्राच्या भिंतीला चिकटत राहतो आणि छिद्र आतून अरुंद होतं. मोठे रेणू, म्हणजे बायोपॉलिमर (प्रथिनं आणि शर्करा), ते आत जात नाहीत, वर थर करतात किंवा छिद्राच्या तोंडाशी बसतात. वरचा थर बॅकवॉशने निघतो, आतलं निघत नाही. हर्मियाने १९८२ मध्ये याची चार मॉडेल मांडली. छिद्र पूर्ण बंद होणं, आतून अरुंद होणं, काही कण छिद्रांवर तर काही आधी बसलेल्या कणांवर बसणं, आणि वर केक साचणं. फ्लक्सच्या घसरणीची रेष कुठल्या मॉडेलला जुळते त्यावरून अंदाज येतो.

म्हणूनच सीओडी तोच असून मेम्ब्रेन चोक होऊ शकते. सीओडी सगळ्या सेंद्रियांची एकत्र बेरीज सांगतो, त्यात चिकट किती हे सांगत नाही. एअरेशनमधल्या जिवाणूंवर ताण आला, एकदम लोड बदलला, ऑक्सिजन कमी पडला, की ते जास्त चिकट पदार्थ सोडतात. सीओडीत तो थोडासाच दिसतो पण मेम्ब्रेनला तोच भारी पडतो. महापे दादा, पावसाचं पाणी ईटीपीत शिरतंय का? एमएलएसएस (एअरेशनमधल्या जिवाणूंच्या गाळाचं प्रमाण) आणि डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) काय आहे?

महापे_शिफ्ट
शिरतंय. यार्डाची एक गटार इक्वलायझेशनला जोडलेली आहे, जोराचा पाऊस झाला की फ्लो वाढतो आणि लोड पातळ होतो, दुसऱ्या दिवशी परत घट्ट. डीओ रात्री कमी पडतो, एक ब्लोअर बंद आहे.

सूक्ष्मछिद्र
मग फेसाचं मूळ पण बहुधा तिथेच असेल. फेस म्हणजे बहुतेकदा जिवाणू त्रासात असल्याची खूण. अँटीफोम टाकून खूण पुसली जाते, त्रास तसाच राहतो.

वाशी_ते_ठाणे
पण मग आपल्या प्यायच्या पाण्याला सिरॅमिक का नाही लावत? मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होतं, तिथे लावली तर?

खाडीकाठ
हिशेब करून बघू. भोकरपाड्याचं केंद्र ४५० एमएलडीचं (दिवसाला ४५ कोटी लिटर). म्हणजे तासाला १८,७५० घनमीटर. सिरॅमिकला १५० एलएमएच (दर चौरस मीटरमधून तासाला १५० लिटर) फ्लक्स धरला, जो धरणाच्या पाण्याला बरा आहे, तरी १ लाख २५ हजार चौरस मीटर मेम्ब्रेन लागेल, आणि बॅकवॉशला वेगळी जास्तीची. क्लॅरिफायर आणि वाळूच्या फिल्टरवर जे पाणी नीट शुद्ध होतंय तिथे एवढा खर्च कोण करणार.

जगात मोठ्या प्रमाणावर केलंय मात्र. नेदरलँड्समध्ये आंडाइकला २०१४ पासून १२० एमएलडीचं केंद्र चालतंय. तिथे पाणी मेम्ब्रेनवर जायच्या आधी आयन एक्स्चेंज रेझिनने सेंद्रिय पदार्थ काढतात. मला त्या डिझाइनमधली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. घाण मेम्ब्रेनवर बसू द्यायची आणि मग धुवायची यापेक्षा ती आधीच काढून घ्यायची. आपल्याकडे रेझिन परवडणार नाही पण पॅक किंवा फेरिकचा छोटा डोस मेम्ब्रेनच्या आधी लाइनमध्येच दिला तरी बायोपॉलिमरचे गुठळे होतात, छिद्रात शिरत नाहीत, वर सैल केक होतो आणि तो बॅकवॉशने निघतो. डोस मात्र जार टेस्ट (भांड्यांत वेगवेगळे डोस देऊन बघणं) करूनच ठरवायचा.

महापे_शिफ्ट, आता एक काम करा, यात वाद मिटेल. पुढची सीआयपी टप्प्याटप्प्याने मोजा. बॅकवॉशनंतर स्वच्छ पाण्याचा फ्लक्स घ्या, कॉस्टिकनंतर परत घ्या, ॲसिडनंतर परत. प्रत्येक वेळी टीएमपी आणि पाण्याचं तापमान लिहा. २५ डिग्रीच्या आसपास दर डिग्रीला साधारण २ टक्के फरक पडतो, तो दुरुस्त केल्याशिवाय तुलना करू नका. कुठल्या टप्प्याला किती परत आलं त्यावरून घाण कसली ते कळेल. बॅकवॉशने आलं ते वरचा केक, कॉस्टिकने आलं ते सेंद्रिय, ॲसिडने आलं ते क्षार किंवा लोह. तिन्हीने नाही आलं तर सिलिकॉन किंवा पॉलीचा संशय घ्या.

दणकट
हे मोजायचं मला सुचलं नव्हतं, पण पटलं. आमच्याकडे पण करून बघतो.

महापे_शिफ्ट
(धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं म्हणून.)

मॅनेजरना हा धागाच उघडून दाखवला, मग परवानगी मिळाली. आरओचं परमिएट दोन दिवस साठवलं आणि सीआयपी पूर्ण त्याच्यात केली, आधी कॉस्टिक, मग भरपूर धुणं, मग सायट्रिक. सुरुवातीला फ्लक्स नव्या मेम्ब्रेनच्या निम्म्याहूनही खाली होता. बॅकवॉशने जेमतेम हलला. कॉस्टिक काळंकुट्ट चहासारखं बाहेर आलं, आणि त्यानंतर फ्लक्स तीन चतुर्थांशाच्या पुढे गेला. सायट्रिकनंतर नव्वद टक्क्यांच्या आसपास. आधीच्या सीआयपीच्या टाकीचा तळ बघितला, पांढरा साका होता.

म्हणजे सेंद्रिय जास्त आणि त्यात चुन्याची भर. उरलेले दहा टक्के सिलिकॉनचे असतील असं वाटतं. अँटीफोम बंद केलाय, फवारा लावलाय. गटार वेगळी करायचं काम मंजूर झालंय, ब्लोअर दुरुस्तीला गेलाय. बॅकवॉशचं पाणी पण आता परमिएटच.

सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीकाठ सर आणि सूक्ष्मछिद्र ताई, तुम्ही दोघांनी जे समजावलंत ते आमच्या तिन्ही शिफ्टना वाचून दाखवलंय.

नौपाडाकर
अभिनंदन! आमची कँडल पण आता छान चालतेय, साबणाशिवाय.

रुमालवाला
टँकरवाल्याला धाग्याची लिंक पाठवा, पुढच्या खेपेला मऊ पाणी आणेल.

सूक्ष्मछिद्र
काय छान झालं! दादा, त्या काळ्या कॉस्टिकचा थोडा नमुना बाटलीत ठेवलाय का? टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) आणि कॅल्शियम दोन्ही काढता येईल, त्यावरून प्रमाण कळेल.

महापे_शिफ्ट
अर्धा लिटर ठेवलंय, तारखेसकट लेबल लावून. पुढच्या आठवड्यात पॅकची जार टेस्ट घेणार आहे, तेही आकडे इथेच टाकतो.

खाडीकाठ
जार टेस्टचे आकडे टाकताना प्रत्येक जारचा डोस दिल्यानंतरचा पीएच पण लिहा. आणि पाणी एकदा पावसाच्या दिवशीचं घ्या, एकदा कोरड्या दिवसाचं.